न गाळलेलं पाणी

आमची सोजर चालते कशी, हे मला कुणी नीट सांगत नाही. तिच्या गावाकडून येणारा जो तो "बाई बऱ्या हायेत" म्हणतो आणि चहाची बशी तोंडाला लावतो. आज संतराम मात्र बोलून गेला, आणि तेव्हापासून तिचा डावा पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संतराम तिच्या शाळेतला शिपाई. खडू, शाई, असलं काही न्यायला हिंगोलीला आला की आमच्याकडे टेकतो. मी नेहमीसारखं विचारलं, "बाई कशा आहेत?"

"बऱ्या हायेत की."

"चालतात नीट?"

त्यानं चहा फुंकला. "थोडं लंगडून राहिल्यात. काटा रुतला म्हणत्यात."

"अजून निघाला नाही काटा?"

"आता बाभळीचा काटा म्हणल्यावर तकलीफ तर व्हणारच, मावशी. पर खरं सांगू का? पाय गुडघ्यापोतर सुजलाय. खुर्चीत बसूनच शिकवून राहिल्या. फळ्यावर काही लिव्हायचं आलं की भागीला उठवत्यात. ती भागी तर आता सोताला मास्तरीणच समजती."

तो हसला. मला हसता आलं नाही. कारण सोजरच्या पायात काटा नाही, नारू आहे, कातडी फोडून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब जंत. हे ती जाणते आणि मी जाणते. तिच्या वडिलांनासुद्धा मी काटाच सांगितलाय. नारू सरळ निघाला तर माणूस दोन-तीन महिन्यांत पुन्हा कामाला लागतो. पण आख्खा पाय सुजला, म्हणजे तो आत तुटला असणार.

तुटलेला नारू मी पाहिलेला आहे. शिरड शहापूरचा माझा मावसभाऊ मुंजाजी. त्याचा नारू ओढता ओढता तुटला, राहिलेला भाग आत नासला, आणि वर्षभर पू वाहून गुडघा जो आखडला तो कायमचा. लग्नाच्या पंगतीत त्याला मांडी घालता येत नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसतो, आणि वाढणारी पोरं त्या पायाला अडखळतात. तो दर वेळी म्हणतो, "तुडवा रे तुडवा, त्याला काही कळत न्हाई." लोक हसतात. सोजर चोवीस वर्षांची आहे.

सोजर आमची थोरली. माझ्या सासूबाईंचं नाव सोजराबाई, तेच तिला ठेवलं. धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्या मुलांना आम्ही नवी नावं दिली. शाळेत घालताना शेषरावांच्या, म्हणजे हिच्या वडिलांच्या मनात होतं, हिचंही बदलून सुजाता करावं. सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "काहून? माझं नाव काय इटलं का?" नाव तेच राहिलं. नुसतं नावच नाही, सासूबाईंचा हट्टही तिच्यात उतरला.

पाण्यावरून तिचा हट्ट पहिल्यांदा दिसला तो आजीच्या गावी. ती तेव्हा अगदी लहान होती. आजीबरोबर शेतातून येताना तहान लागली. वाटेत एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आजीनं पाणी मागितलं. तिथल्या बाईनं घागर उचलली आणि म्हणाली, "धर वंजळ." आजी रीतीप्रमाणे वाकली, ओंजळ धरली, वरून पडलेलं पाणी प्याली. पोरीनं मात्र दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला भांड्यात द्या."

"अगं बया! पाटलीण हाय जणू!" ती बाई हसली म्हणे. सोजर तशीच कोरड्या घशानं गावापर्यंत चालत आली. ही गोष्ट सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. "पोरगी तहानेनं मरंल, पर वाकायची न्हाई." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला कधी कळलं नाही.

मी लग्नानंतर शिकले. यांनी औरंगाबादला बदली मागून घेतली होती, म्हणून कॉलेज झालं. आता मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. सोजरनं माझ्यासारखं बी. ए. करावं, घराजवळ राहावं, असं मला वाटायचं. तिनं विज्ञान घेतलं. नोकरी लागली ती पुसेगावहून आत, कच्च्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचं नाव मी लिहीत नाही. खोली गावात मिळाली नाही. बौद्धवाड्यात लक्ष्मीबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या घरात राहते. आयतवारी घरी आली की शाळेचंच बोलणं. मुलांना परीक्षानळी धरता येत नाही, मुली सूक्ष्मदर्शकात डोळा न मिटता बघायला शिकल्या. असलं सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी तिनं नववीची सहल काढायची ठरवली. सहल म्हणजे औंढ्याला नागनाथ बघून परत यायचं, एवढंच त्या शाळेला माहीत. हिनं ठरवलं गावाजवळच्या तळ्यावर जायचं आणि तळ्याचं पाणी तपासायचं. हेडमास्तर किशनराव म्हणाले, "तळं काय बघायचं? रोजच बघतात पोरं. आणि मुली न्यायच्या तर सोबत पोक्त बाईमाणूस पाहिजे."

"माझी आई येईल," असं ही सांगून मोकळी झाली. मला दोन दिवसांनी कळवलं. मी रजा टाकली आणि एस. टी. त बसले.

ते तळं बहात्तरच्या दुष्काळात झालेलं. पोरांपैकी बऱ्याच जणांचे आईबाप त्या कामावर होते. ग्यानोबा नावाचा एक बडबड्या मुलगा बांधावर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, ह्या भिंतीतले धोंडे माझ्या मायनं फोडलेत!"

"कोणते रे?" सोजरनं विचारलं.

"त्यो वाकडा हाय ना, त्यो."

"म्हणूनच वाकडा आहे," मागून भागी म्हणाली, आणि अख्खा वर्ग खिदळला.

पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाशी हिरवट साय, मध्ये स्वच्छ दिसत होतं. एकीकडे म्हशी बसल्या होत्या, दुसरीकडे बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया घोट्याच्या वर पाण्यात शिरून घागरी भरत होत्या. सोजरनं पोरांच्या टोळ्या केल्या. एकीनं दोरीला धोंडा बांधून सांडव्याजवळची खोली मोजायची. एकीनं साबण घालून फेस किती येतो ते बघायचं, म्हणजे पाणी जड की हलकं ते कळतं. एकीनं लिटमसचा कागद बुडवायचा. एकीनं गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसायची वाट बघायची. तिसऱ्या टोळीचा कागद वाऱ्यानं उडून तळ्यात गेला आणि तो आणायला ग्यानोबा चड्डीसकट पाण्यात उतरायला निघाला. सोजर इतक्या जोरात ओरडली की म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

"पाण्यात कुणी पाय घालायचा नाही! काय सांगितलं मी?"

मग तिनं सगळ्यांना पलीकडच्या काठाकडे बघायला लावलं. तिथं एक धनगर गुडघाभर पाण्यात नुसता उभा होता. मेंढरं वर, हा पाण्यात.

"तो काय करतोय, सांगा."

"पाय धुऊन राहिला."

"त्याच्या पायाला नारू झालाय. आग होते, म्हणून पाण्यात उभा राहतो. नारूचं तोंड पाण्यात गेलं की तो आपली पिल्लं सोडतो, डोळ्याला न दिसणारी. ती पिल्लं पाण्यातला एक बारीक किडा खातो. तो किडा आपण पाण्याबरोबर पितो. वर्षानं आपल्या पायातून नारू बाहेर येतो. मग आपण कुठं जातो?"

देवला म्हणाला, "तळ्यात."

देवला तांड्यावरचा. त्याचे वडील भावसिंग तांड्याचे नाईक. सोजरनं पांढऱ्या मलमलीचं फडकं दुपदरी करून त्यातून घागरभर पाणी गाळलं, फडकं थोड्या पाण्यात झटकलं आणि ते पाणी काचेच्या बशीत घेतलं. एकेकानं भिंगातून बघितलं. मीही बघितलं. तिळापेक्षाही लहान पांढरे ठिपके, झटके देत पोहत होते. देवलानं बघितलं आणि तो मागे सरला.

"बाई, मंग आमी तर रोज हेच पितो की!"

"गाळून पिता का?"

"च्या गाळून पितो."

पोरं हसली. सोजर हसली नाही. तिनं फडकं पिळून हातात घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे एवढंच औषध आहे. दुपदरी फडकं. दुसरं कुठलंही औषध नाही, गोळी नाही, सुई नाही. कळलं?" हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहिते.

ऊन चढलं तसे भावसिंग बांधावर आले. मोठा पटका, मोठ्या मिशा. "लेकरायला उन्हात काहून तळून राहिल्या बाई? चला तांड्यावर, लिंबाची सावली हाय." पोरं पुढं पळाली. संतरामनं शाळेतून आणलेले पाण्याचे माठ गाडीत होते, ते लिंबाखाली उतरवले, भाकरी सोडल्या. सोजरला आणि मला भावसिंगांनी आपल्या घरासमोर बाजेवर बसवलं.

"आमच्या तळ्यात किडे हायेत म्हणून पोट्टे बोंबलून राहिले," भावसिंग म्हणाले. "किड्यायला बी तहान लागती, मास्तरीणबाई. त्यायनं कुठं जावं?"

"त्यांनी तळ्यातच राहावं. आपल्या पोटात येऊ नये," सोजर म्हणाली. ते मिशीतल्या मिशीत हसले.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली, आमच्याकडं निरखून बघितलं आणि सरळ विचारलं, "बाई कोन्या लोकायच्या?"

मी खाली बघितलं. इतकी वर्षं झाली तरी त्या प्रश्नाला माझी मान आपोआप खाली जाते. सोजरनं खाली बघितलं नाही. "आम्ही बौद्ध," ती म्हणाली.

म्हातारीनं पदर आवळून घेतला. भावसिंग पटका सारखा करू लागले. दारात त्यांची बायको रुख्मिणीबाई उभी होती. तिनं ऐकलं आणि ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता उठावं.

ती बाहेर आली ती हातात पितळी तांब्या घेऊन. घासून लख्ख केलेला. मी सवयीनं हात पुढं केले, ओंजळीसाठी. ती माझ्यासमोर आलीच नाही. आधी सोजरपुढं थांबली आणि तांब्या तिच्या हातात दिला. वरून ओतला नाही, खाली ठेवला नाही. हातात दिला, आणि तिची बोटं सोजरच्या बोटांना लागली तरी तिनं हात मागं घेतला नाही.

"प्या बाई. कवाच्यान ओरडून राहिल्या लेकरांवर. घसा वाळला असंल."

सोजरच्या मांडीवर ते ओलं फडकं होतं. तिनं एकदा फडक्याकडं बघितलं, एकदा तांब्याकडं. मी तिच्या कोपराला हात लावला. तिनं तांब्या उचलला, आणि ओठांना लावून सगळा रिकामा केला.

रुख्मिणीबाई तांब्या भरून माझ्यासाठी घेऊन आली, तर सोजर घाईघाईनं म्हणाली, "आईला नको! तिला पथ्य आहे. डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी सांगितलंय." मला कसलंही पथ्य नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की ती बेसावधपणे प्याली नाही. काय प्याली ते जाणून प्याली, आणि मला वाचवलं.

परतीच्या वाटेवर पोरं पुढं गेल्यावर मी विचारलं, "काहून पिलीस?"

"तहान लागली होती."

"सोजर."

तिनं ओलं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "तिच्यासमोर गाळलं असतं तर तिनं काय समजलं असतं? तिच्या हातचं पाणी मी शुद्ध करून घेतलं, असंच ना? आजवर लोक आपल्याला तसंच करत आले. मी तेच तिला करू?"

"तिला समजावून सांगता आलं असतं."

"पुढच्या वेळी सांगीन. पहिल्या वेळी नाही सांगता येत, आई."

तिच्या कॉलेजातल्या दुसऱ्या कुठल्याच पोरीनं अशी चूक केली नसती. तिनं फडकं काढून छान गाळलं असतं आणि त्या बाईचे आभार मानले असते. आमच्याच पोरीला ते जमलं नाही.

पुढच्या वेळी तिनं खरंच सांगितलं. महिन्याभरात ती भिंग घेऊन तांड्यावर गेली आणि रुख्मिणीबाईला तिच्याच घागरीतलं पाणी दाखवलं. त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घागरीच्या तोंडाला जुन्या ओढणीचं दुपदरी फडकं. आधी बाकीच्या बाया हसल्या, "नाईकीणीनं घागरीला बी घुंगट घातला!" पण नाईकाच्या घरात होतं म्हटल्यावर हळूहळू घरोघर झालं. सोजर आठवड्यातून एकदा तरी तिकडं जायची. रुख्मिणीबाई तिला दही द्यायची, डोक्याला तेल लावून द्यायची, नवरा का बघत नाहीत घरचे म्हणून यांच्या नावानं बोटं मोडायची. सोजर घरी आली की तिची नक्कल करून दाखवायची. मला त्या बाईचा थोडा हेवाही वाटायचा.

एकदा रुख्मिणीबाईनंच विचारलं, "अवो बाई, त्या रोजी तुमी पिलं, ते बिनगाळलेलं होतं की!" तर ही म्हणाली, "मी नंतर औषध घेतलं. काळजी करू नका." वर्गाला जिनं सांगितलं होतं की औषधच नाही, तिनं हे सांगितलं. रुख्मिणीबाईचा त्यावर विश्वास बसला. शिकलेली बाई, तिच्याजवळ औषध असणारच.

संक्रांत झाल्यापासून, वर्ष भरत आलं तसे, मी मनात दिवस मोजत होते. तीही मोजत असणार. आम्ही एकमेकींना बोललो नाही. मागच्या महिन्यात ती घरी आली. नेहमीसारखी बादलीत पाय बुडवून बसली नाही, तांब्यानं वरून पाणी घेऊन, बाजूला मोरीत धुतले. मी मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"दाखव."

"काटा गेलाय."

"मीही तळ्यावर होते, सोजर."

घोट्याच्या वर फोड होता, पाण्यानं टरटरलेला. मी खाली बसले. परभणीला मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हणाले. हिंगोलीचा डॉक्टर घरी बोलावू म्हणाले. तिचं एकच पालुपद. "दवाखान्यात गेलं की गावात कळणार. तिथला कंपाउंडर आमच्या शाळेच्या गावाकडचाच आहे. गावात कळलं की संध्याकाळी तांड्यावर कळणार. तिला काय वाटेल? मी पहिल्यांदा कुणाला हातानं पाणी दिलं आणि त्याच पाण्यानं बाईचा पाय गेला, असं आयुष्यभर बोलत बसेल ती."

"आणि तुझा पाय?"

"मी रोज थोडा थोडा नारू काडीवर गुंडाळून ओढीन. फडकं बांधून ठेवीन. तळ्याकडं, विहिरीकडं फिरकणार नाही. सुट्ट्या लागेपर्यंत निघून जाईल."

"तुटला तर?"

"नाही तुटणार."

मग तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगणार नाही म्हणून. सासूबाई अशाच शपथा घालायच्या. मी घेतली.

शपथ पाळली म्हणूनच आज संतरामच्या तोंडून मला पायाची बातमी कळते आहे. आणि तो नुसती पायाची बातमी देऊन थांबला नाही. उठता उठता, चपला घालताना म्हणाला, "मावशी, आणखीन एक. ती तांड्याची नाईकीण येऊन गेली शाळेत. बाई लई दिवसांत तांड्यावर आल्या न्हाईत, म्हणून दही घेऊन आली व्हती. फाटकाशी उभी. म्या आत जाऊन सांगितलं, तर बाई म्हणल्या, सांग पेपर तपासून राहिल्यात, भेटता यायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. बिचारी बसली की तितंच, फाटकाच्या धोंड्यावर. सुटी होईपोतर बसली. बाई मागल्या दारानं गेल्या. दही माझ्याच हातात देऊन गेली. मला म्हणली, बाईला इचार, आमचं काय चुकलं? आमच्या घरचं आता चालत न्हाई का त्यांला?"

तो गेला. मी कप-बशा उचलल्या. यांनी आतून विचारलं, "संतराम काय म्हणत होता?" मी म्हणाले, "सोजरचा काटा."

घरात निजानीज झाली आणि मी हे लिहायला बसले, लिहिता लिहिता काही सुचेल म्हणून. मी उद्या सकाळच्या एस. टी. नं जाऊ शकते. जाईन, तिच्या खोलीत बसेन, रडेन. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवील आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देईल. माझं ती ऐकत नाही. लहानपणापासून तिनं आजीचं आणि माझं प्रेमानं ऐकून घेतलं आणि केलं स्वतःचंच. हेडमास्तरांना कळवलं तर ते रजा देतील, पण तिला गाडीत घालून दवाखान्यात नेण्याची हिंमत त्यांच्यात नाही. यांना सांगितलं तर हे चिडतील, आणि ही चिडलेल्या माणसापुढं अजूनच ताठ होते. पत्र पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे, आणि तेवढे दिवस त्या पायाकडं आहेत असं मला वाटत नाही.

रुख्मिणीबाईला हे कळू नये म्हणून सगळा खटाटोप. आणि कळलेलं नाही म्हणून ती बाई फाटकाशी धोंड्यावर बसून विचारते, आमच्या घरचं आता चालत नाही का? जे तिला वाटू नये म्हणून सोजरनं तो तांब्या रिकामा केला, तेच आज तिला वाटतंय. आपलं पाणी गाळून घेतलेलं तिला सोसणार नाही, हे सोजरनं तिच्या वतीनं ठरवलं. खरं सोसणार नाही, हेही सोजरच ठरवते आहे. त्या बाईला कुणी विचारलंय का? चारचौघांत, नवऱ्यासमोर, त्या म्हातारीसमोर जिनं तांब्या हातात दिला, ती काही कच्च्या मनाची बाई नसणार. तिला वाईट वाटेल. रडेलही. मलाही शिव्या घालेल, वर्षभर गप्प बसले म्हणून. घालू दे.

सोजरच्या गावात पोस्ट आहे आणि पोस्टात फोन. इथून ट्रंक कॉल लावला आणि पी. पी. कॉल आहे म्हणून सांगितलं, तर ज्याचं नाव द्यावं त्याला तिथला माणूस बोलावून आणतो. थोडे पैसे जास्त पडतात. आजवर मी दोनदा तसा फोन केलाय, दोन्ही वेळा नाव दिलं ते सोजरचं.

तांड्यावर फोनचा निरोप गेला तर सगळा तांडा घाबरेल. फोन म्हणजे मयत, एवढंच लोकांना ठाऊक. म्हणून पोस्टमास्तरला आधी सांगेन, निरोप्याला नीट समजावून पाठवा, कुणाला काही झालेलं नाही, बाईंच्या आईला बोलायचंय. मग ती येईल, धापा टाकत, आणि तो काळा रिसीव्हर उलटा धरेल कदाचित. मी तिला सगळं सांगेन. तांब्या, फडकं, नसलेलं औषध, शपथ, सगळं. आणि सांगेन, तुमची गाडी जुंपा आणि तिला सडकेपर्यंत आणा, तिथून पुढं परभणीपर्यंत मी आहे. नाही म्हणाली तर उचलून घाला गाडीत. तुमचं ती ऐकेल.

शपथ मोडेल. सोजर माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, कुणास ठाऊक.

सकाळी पोस्ट उघडलं की मी पहिली तिथं उभी राहीन. नाव विचारलं की सांगेन, रुख्मिणीबाई, भावसिंग नाईकांच्या घरच्या.